बांधावरून : दिवाळीचे पाहुणे आणि मताचे पाहुणे



सोयाबीनची मळणी उरकली, शाळवाची कोळपणी झाली, की घरातल्या म्हातारीचे कान फोनकडे लागतात. पुण्याचा धाकटा कधी निघणार, मुंबईच्या सुनेला रजा मिळाली का, नातवंडांची शाळा कधी सुटते, याचीच चौकशी. या सदरात एरवी मी बी-बियाणे, खतपाणी आणि रोग-किडी यांच्यापलीकडे फारसा जात नाही. आज मात्र या घरी येणाऱ्या माणसांविषयी लिहिणार आहे. विषय वेगळा वाटेल, पण तो गव्हाच्या पहिल्या पाण्यापर्यंत जातो, म्हणून तो माझ्याही खात्यातला आहे.

आपल्या राज्यात गेली कित्येक वर्षे विधानसभेची निवडणूक दिवाळीच्या आगेमागेच येते. 2009 साली 13 ऑक्टोबरला मतदान झाले आणि 17 ला लक्ष्मीपूजन होते. 2014 साली 15 ऑक्टोबरला मतदान, 23 ला लक्ष्मीपूजन. 2019 साली 21 ऑक्टोबरला मतदान, 27 ला लक्ष्मीपूजन. या तिन्ही वेळा आधी मत आणि मग फराळ असा क्रम होता. 2024 साली तो उलटा झाला. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, पाडवा 2 ला, भाऊबीज 3 ला आणि मतदान 20 नोव्हेंबरला. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशी; अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस 4 नोव्हेंबर, म्हणजे भाऊबिजेचा दुसरा दिवस. बंडखोरांची समजूत काढता काढता पुढाऱ्यांची सगळी दिवाळी गेली, आणि त्यांच्यामागे गावोगावच्या कार्यकर्त्यांचीही. ग्रामपंचायतींचेही तसेच. 2023 साली पुष्कळ गावांत 5 नोव्हेंबरला ग्रामपंचायतीचे मतदान झाले आणि 12 ला लक्ष्मीपूजन होते.

कोणाला मत द्यावे हे माझ्याकडून ऐकायचे नाही. मी सरकारी नोकर. 1999 साली लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या, तेव्हापासून मतदानाच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या शाळेत शाईची बाटली आणि याद्या घेऊन बसत आलो आहे. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसते ते सांगतो.

आधी शेताचे बोलू, कारण ते थांबत नाही. बागायती गव्हाच्या वेळेवर पेरणीचा काळ नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. 15 तारखेनंतर जसजसे दिवस जातात तसतसा उतारा घटत जातो, कारण दाणा भरण्याच्या वेळी ऊन तापू लागते आणि दाणा चिमतो. आता 2024 चे पंचांग पुन्हा डोळ्यापुढे आणा. ज्याने पाडव्याच्या मुहूर्तावर, म्हणजे 2 नोव्हेंबरला, गहू पेरला त्याचे पहिले पाणी कधी आले? गव्हाला मुकुटमुळे फुटतात ती 18 ते 21 दिवसांनी, आणि त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी पडतात; मग पुढे कितीही पाणी द्या, ती कसर भरून निघत नाही. 2 तारखेपासून अठरावा दिवस मोजला तर 20 नोव्हेंबर, मतदानाचा दिवस. एकविसावा दिवस 23 नोव्हेंबर, मतमोजणीचा दिवस. विजेची पाळी रात्रीची असली तर सगळे सोपे, पण दिवसाची असली तर घरातला एक माणूस दाऱ्यावर हवाच. मतदान सकाळी 7 पासून संध्याकाळी 6 पर्यंत चालते. थोरल्याने सकाळी सातला मत देऊन यावे, मग धाकट्याने जावे, आणि बायकांनी स्वयंपाकाआधी एकत्र जाऊन यावे. इतके ठरवले तर वाफाही भिजतो आणि मतही पडते. पण मी काय पाहिले? सकाळी मत देऊन बाहेर पडलेला तरणाताठा माणूस संध्याकाळी सहापर्यंत शाळेच्या कुंपणाबाहेरच उभा. कोण आले, कोण गेले, कोणाचे किती पडले याच्या गणितात. गणित कधी बरोबर येत नाही, तरी तो दर पाच वर्षांनी ते मांडतो.

आणि पुष्कळांनी तर पेरणीच पुढे ढकलली. "निवडणूक होऊन जाऊ द्या साहेब, मग बघू," हे वाक्य मी त्या नोव्हेंबरात किती बांधांवर ऐकले त्याला हिशोब नाही. वीस तारखेनंतर पेरायचेच झाले तर उशिराच्या पेरणीसारखे पेरा. वेळेवरच्या पेरणीला एकरी 40 किलो बी लागते, उशिरा एकरी 50 किलो धरा, कारण फुटवे कमी येतात. दोन ओळींतले अंतर वेळेवर असेल तर 20 सेंटिमीटर, उशिरा असेल तर 18 सेंटिमीटर. बी पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नका. वाणही उशिराला चालणारा घ्या. निफाड 34 किंवा फुले समाधान यांपैकी मिळेल तो. ज्यांच्या विहिरीला दोनच पाण्यांचा भरवसा आहे त्यांनी त्यांतले पहिले या मुकुटमुळांच्या वेळीच द्यावे.

आता घरी येणाऱ्यांचे. आमच्या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून माणूस बाहेर जातो तो पिढ्यान् पिढ्या. पाटण-जावळीकडचे माथाडी मुंबईत आणि नवी मुंबईच्या बाजारात. खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यवसायातले लोक तर पार तामिळनाडू-केरळपासून दिल्लीपर्यंत, सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात. त्यांची मुले घरात मराठी बोलतात आणि बाहेर पडली की तमिळ. सणाला किंवा ग्रामदेवतेच्या यात्रेला ही माणसे येतात, आणि निवडणूक असली की अर्जांची छाननी होण्याआधीच त्यांना इकडून फोन जाऊ लागतात.

स्वतःच्या पैशाने यायचे म्हटले तर प्रवास सोपा नाही, हे मान्य. दिवाळीत एसटीत पाय ठेवायला जागा नसते. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत निम्मे तिकीट झाले ही मोठी सोय, पण त्यामुळे गर्दीही वाढली. खासगी बसवाले सणात मागतील ते भाडे घेतात. वास्तविक एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा राज्य शासनाचा 2018 चा निर्णय आहे. तिकीट जपून ठेवा, जास्त घेतले तर परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते. मतदानाच्या आदल्या दिवशी आणखी एक अडचण असते. मतदान यंत्रे आणि आम्ही कर्मचारी यांना गावोगाव पोचवण्यासाठी एसटीच्या गाड्या लागतात, त्यामुळे नेहमीच्या फेऱ्या कमी होतात. मत द्यायला येणाऱ्याने एक दिवस आधीच निघालेले बरे. रजेची काळजी करू नका. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब प्रमाणे कारखाना, दुकान, व्यवसाय कुठलाही असो, मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळाली पाहिजे, आणि रोजंदारीवाल्याचाही त्या दिवसाचा रोज कापता येत नाही. ज्या कामावरचा माणूस हलला तर धोका किंवा मोठे नुकसान होईल, तेवढाच अपवाद. मालक कुरकुरला तर या कलमाचा आकडा सांगा.

या अडचणीतून जी सोपी वाट निघते तीच मला खुपते. मुंबईच्या चाळीखाली किंवा पुण्याच्या चौकात रात्री दहाला गाडी उभी राहते. तिकीट नाही, वाटेत जेवण, सकाळी गावात, मत दिले की संध्याकाळी परत. गाडी कोणाची हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असते. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने वाहन करणे हा कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचार आहे आणि कलम 133 प्रमाणे त्याला शिक्षाही आहे. गंमत पाहा, मतदारांनी आपसांत वर्गणी काढून यंत्राशिवाय चालणारे वाहन, म्हणजे आपली बैलगाडी किंवा होडी, भाड्याने केले तर हरकत नाही असे त्याच कलमात लिहिले आहे, आणि स्वखर्चाने ट्रामने जाण्याचीही मुभा आहे. मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली, पण कायद्यात ती अजून धावते आहे.

"भाडे त्यांनी भरले म्हणून काय झाले, मत आम्ही आमच्या मनाने देतो," असे म्हणणारे मला भेटतात. असतील तसे काही. पण घरी राहणाऱ्या भावाला विचारा. गाडीत कोण कोण बसले याची वही कार्यकर्त्याकडे असते. पुढे डीपी जळाली आणि गावकऱ्यांनी तक्रार नेली, की ती वही उघडली जाते : तुमच्या घरची चार माणसे आणली होती, आता काय मागता? मुंबईचा भाऊ केव्हाच परत गेलेला असतो, आणि ऐकून घेतो तो बांधावरचा. पैसे आणि दारू यांचे तर विचारूच नका. मत देण्यासाठी लाच देणारा जसा गुन्हेगार तसाच घेणाराही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जेवणावळ घातली तर नुसता दंड. म्हणजे कायद्यानेही मटणाला जरा सवलत दिली आहे.

आता अवघड प्रश्न. बाहेर राहणाऱ्याचे मत गावात असावे की नसावे?

एका गावी ग्रामपंचायतीच्या मतदानाला मी केंद्रावर होतो. दुपारी तीनपर्यंत दोन्ही पॅनेलचे पारडे सारखे दिसत होते. तीन वाजता दोन गाड्या आल्या, तीस-पस्तीस माणसे उतरली, रांगेत उभी राहिली, मत देऊन जेवली आणि अंधार पडायच्या आत गेली. सगळी त्याच गावची, यादीत नावे असलेली, कागद चोख. प्रभागाचा निकाल लागला दोन मतांनी. पुढे वर्षभराने त्या गावी पीक प्रात्यक्षिकासाठी गेलो तेव्हा वस्तीवरच्या बाया हंडे घेऊन ओढ्याला निघाल्या होत्या. निवडून आलेल्याने नळ दुसऱ्या आळीला नेला होता. त्या पस्तीस जणांपैकी एकालाही हंडा उचलावा लागत नव्हता.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे, पण लोकांना तो ठाऊक नसतो. नाव तिथेच नोंदवायचे जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता. गावात घर आहे, सातबारावर नाव आहे, एवढ्यानेच तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही, असे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 20 सांगते. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, हे कलम 17. खोटे निवेदन करून नाव घातले तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे इथे जे असते तेच तिथे जाते. पंधरा वर्षे पिंपरीत बिऱ्हाड केलेल्या, तिथले पाणी पिणाऱ्या, तिथल्या शाळेत मुले घातलेल्या माणसाचे मत पिंपरीतच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तो गप्प बसतो म्हणून तिथली गटारे तुंबतात, आणि इथे बोलतो म्हणून इथला नळ फिरतो.

हे वाचून बाहेरगावचे वाचक रागावतील, हे मला ठाऊक आहे. गावच्या शाळेची खोली कोणी बांधली? देवळाचा कळस कोणाच्या पैशाचा? दुष्काळात टँकरला डिझेल कोणी दिले? खरे आहे. आमच्याकडच्या कित्येक गावांत गलाईवाल्यांनी आणि मुंबईकरांनी केलेले काम सरकारने केलेल्या कामापेक्षा जास्त भरेल. त्यांचा गावावरचा हक्क मी नाकारत नाही. यात्रेच्या सभेत त्यांनी बोलावे, हिशोब मागावा, चांगल्या माणसाच्या पाठीशी उभे राहावे. पण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या मतावर, वर्षाकाठी दोनदा जाणाऱ्याचे मत भारी पडू नये.

ऊसतोडणी कामगाराची गोष्ट निराळी. बीड, नगर, जालन्याकडून पाच-सहा महिने कोयता घेऊन बाहेर जाणारे जोडपे गावचेच रहिवासी आहे. तात्पुरता बाहेर गेलेला माणूस रहिवासी असण्याचे थांबत नाही, हेही त्याच कलम 20 मध्ये आहे. पण त्याचेच मत सर्वांत जास्त वेळा बुडते. 2024 साली गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू करायचे ठरले आणि मतदान 20 ला होते. मुकादमाचा ट्रक भाऊबीज झाली की दारात उभा. उचल घेतलेली, मग थांबायचे कसे? फडातून मतदानाला दोनशे-तीनशे किलोमीटर परत यायचे तर दोन रोज बुडतात आणि भाडे वेगळे. मुंबईहून आणायला गाड्या निघतात तशा फडावरही निघतात, पण उमेदवाराला जिथे चुरस वाटते तिथेच. ज्यांच्या घरातली माणसे तोडीला जातात त्यांनी पुढच्या खेपेस उचल घेतानाच मुकादमाशी मतदानाच्या दिवसाचे बोलून घ्यावे. चार-पाच कोयत्यांनी मिळून बोलले तर तो ऐकतो, एकट्याचे ऐकत नाही.

बायकांच्या नावांचा घोळ तर घरोघर आहे. लेक सासरी येऊन सहा वर्षे झाली, दोन मुले झाली, तरी तिचे नाव माहेरच्या यादीत. मतदानाला तिला माहेरी कोण पाठवणार? मत बुडते. यासाठी नमुना 8 भरायचा. राहण्याचे ठिकाण बदलले की नवे नाव घालण्याचा नमुना 6 नव्हे, हा 8 नंबरचा. 2022 पासून तसा बदल झाला आहे. पुण्याच्या भावालाही हाच नमुना 8 तिकडे भरता येईल. नमुना 6 फक्त नवमतदाराला. आता 18 वर्षे पूर्ण होण्यासाठी 1 जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाही; 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात. मयताचे नाव काढायला नमुना 7. आपल्या केंद्राचा बीएलओ बहुधा शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाई असतात, त्यांच्याकडे हे सर्व मिळते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीत सगळे घरी असतात तेव्हाच याद्या पाहून घ्याव्यात.

कार्ड हरवले म्हणून कोणी घरी बसू नये. यादीत नाव असले की आधार, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, पॅन कार्ड, गाडीचा परवाना, यांपैकी काहीही चालते. घरी वाटली जाते ती चिठ्ठी मात्र ओळखपत्र म्हणून चालत नाही. ती हातात धरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला परत पाठवताना फार वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याला फुकटचा मनस्ताप होतो. आचारसंहितेच्या काळात नाक्यानाक्यावर तपासणी पथके असतात. सोयाबीन, कापूस, कांदा विकून रोख घेऊन येणारा शेतकरी तिथे अडकतो. पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड असली की ती कुठून आली, कशासाठी चालली याचा कागद मागतात. बाजार समितीतली हिशोबपट्टी खिशात ठेवा. बँकेतून काढले असतील तर पासबुक किंवा पावती. लग्नाचे सोने घ्यायला निघाला असाल तर पत्रिका. तरीही पैसे घेतलेच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि जिल्ह्याच्या तक्रार समितीकडे जा. उमेदवाराशी संबंध नसलेली रक्कम सोडवून देण्यासाठीच ती समिती असते. शक्य असेल तर व्यापाऱ्याकडून पैसे खात्यावर घेतलेले सर्वांत चांगले.

आमच्या खात्याबद्दलही एक सांगतो. "आचारसंहिता आहे" हे उत्तर ऐकून कार्यालयातून परत फिरू नका. नव्या योजनेची घोषणा आणि नव्या लाभार्थींची निवड थांबते. आधी सुरू झालेले काम थांबत नाही, आणि कीड पडली तर सल्ला द्यायला तर कुठलीच संहिता आडवी येत नाही. माणूस जागेवर नसेल, निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेला असेल, ते खरे; पण मग तो कधी भेटेल तेवढे विचारून घ्या.

आता घरातले. भाऊबिजेच्या ताटावर बसलेले दोन भाऊ, एकाच्या गाडीवर एक चिन्ह आणि दुसऱ्याच्या गाडीवर दुसरे. बहीण ओवाळते आहे आणि हे दोघे एकमेकांकडे बघत नाहीत. असे मी दोन घरी तरी पाहिले आहे, आणि दोन्ही घरी ज्यांच्यासाठी भांडण झाले ते दोन पुढारी पुढल्या वर्षी एकाच व्यासपीठावर हार घालून घेत होते. भावांचा बोळा मात्र निघाला नाही. एका घरी सामाईक विहिरीवरची मोटर त्या दिवाळीपासून बंद पडली आणि दोघांच्याही उसाला ताण बसला. उसाला पक्ष कळत नाही.

मला यात खरी हळहळ वाटते ती वेळेची. सगळे भाऊ, बहिणी, आई एका छताखाली असे वर्षात चारच दिवस असतात. त्या चार दिवसांत घराची जी कामे व्हावीत ती सभा, फेऱ्या आणि पारावरच्या पैजा यांत राहून जातात. वडील जाऊन तीन वर्षे झाली, सातबारावर अजून वारसांची नोंद नाही. बहिणींची नावे लावायची आहेत की नाही, हे बहिणींना कोणी विचारलेले नाही. भावांची एकसंमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, पण संमती द्यायची तर सगळे एका जागी हवेत. शेतकरी ओळख क्रमांकाचे पाहा. 2025 पासून आमच्या योजनांना तो लागतो, आणि ज्याचे नाव सातबारावर आहे त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर आकडा येतो. तो मोबाईल पुण्यात असतो! भाऊ घरी आहे तेव्हाच त्याला घेऊन केंद्रावर जा. अर्ध्या तासाचे काम आहे. पाइपलाइन कोणाच्या बांधावरून न्यायची, विहिरीच्या गाळाचा खर्च कोणी किती द्यायचा, आईच्या औषधाचे कोणी पाहायचे, हे पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात बसून कागदावर लिहून काढा. बाहेर प्रचाराची गाडी ओरडत असेल तर दार लावून घ्या.

आईवरून आठवले. ज्या घरात 85 वर्षे पूर्ण झालेले कोणी आहे, किंवा चाळीस टक्क्यांपेक्षा कमी नाही इतके अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले कोणी आहे, त्यांना लोकसभा-विधानसभेचे मत घरीच देता येते. पूर्वी ही वयाची अट 80 होती, 2024 च्या लोकसभेआधी ती 85 झाली. त्यासाठी नमुना 12 ड भरून द्यावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो परत गेला पाहिजे. 2024 साली ते दिवस नेमके दिवाळीच्या साफसफाईत आले आणि कित्येक घरांत कोरा नमुना फळीवरच राहिला. एकदा घरचे मत मागितले की मग केंद्रावर जाऊन देता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. अधिकाऱ्यांचे पथक आधी दिवस कळवून येते, चित्रीकरण होते, आणि मत गुप्तच राहते. अशा पथकाबरोबर एका वस्तीवर गेलो होतो. खाटेवरच्या आजींनी नातवाला आणि सुनेला आधी खोलीबाहेर घालवले, कागदावर खूण केली, घडी घातली, आणि पाकीट आमच्या हातात देताना विचारले, "कोणाला दिले ते पोरांना सांगणार नाही ना?" नाही म्हटल्यावर चहा ठेवायला सांगितला.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी लिहीन. ज्यांनी पत्रे पाठवून पक्षिथांब्यांबद्दल विचारले आहे त्यांची उत्तरेही त्यातच येतील. तोवर शेतात दर एकराला आठ-दहा काटक्या रोवून ठेवायला हरकत नाही.